आज वाफसा नाही

इंग्लंडात ऑक्टोबर उजाडला की गृहस्थांचे दोन वर्ग पडतात. एक, ज्यांची बॉर्डर आवरून झालेली असते. आणि दुसरा, ज्यांना ती आवरायची आहे हे त्यांच्या बायकोला पाठ असतं. पहिल्या वर्गातले लोक शनिवारी सकाळी कात्री पाजळून, गुडघ्याखाली रबरी उशी घेऊन कुंपणाकडेला बसलेले दिसतात. दुसऱ्या वर्गातले लोक खिडकीतून त्यांच्याकडे बघत दुसरा चहा घेतात. मी आजवर वर्ग बदललेला नाही. पूर्वी खिडकीत उभं राहताना जरा चोरट्यासारखं वाटायचं, ते मात्र आता वाटत नाही. कारण गेल्या काही वर्षांत उद्यानशास्त्र हळूहळू सरकत माझ्या शेजारी येऊन उभं राहिलं आहे.

बॉर्डर म्हणजे घरामागच्या हिरवळीला लागून, लाकडी कुंपणाच्या कडेनं काढलेला फुलझाडांचा लांबट वाफा. दिसायला साधा, पण त्यात शाळेच्या ग्रुप फोटोचा कडक नियम चालतो: उंच मुलं मागे, मधली मध्ये, बुटकी पुढे मांडी घालून. मागे डेल्फिनियम, मध्ये फ्लॉक्स, पुढे जिरेनियम. जूनमध्ये हा फोटो झकास येतो. ऑक्टोबरात मागची मुलं पुढच्यांच्या अंगावर पडलेली असतात, होस्टाची पानं जागच्या जागी विरघळून गोगलगायींच्या ताब्यात गेलेली असतात, आणि हिमाची पहिली रात्र झाली की डेलिया सकाळी काळाठिक्कर. आपल्याकडे थंडी म्हणजे डेलिया-शेवंतीचा हंगाम. इथे थंडी म्हणजे डेलियाचा तेरावा.

हे सगळं देखणं आणि आखीवरेखीव ठेवायचं खूळ इंग्रजांच्या डोक्यात ज्यांनी भरवलं, त्यांत गर्ट्रूड जेकिलबाईंचा (१८४३–१९३२) वाटा मोठा. सरे परगण्यात मन्स्टेड वूड इथे त्यांची स्वतःची बॉर्डर सुमारे २०० फूट लांब आणि १४ फूट रुंद होती. एका टोकाला निळे, पांढरे, राखाडी असे थंड रंग. मध्याकडे येता येता पिवळे, केशरी, लालभडक. आणि तिथून पुन्हा उतरत दुसऱ्या टोकाला थंड. अशा चारशेच्या आसपास बागा बाईंनी आखून दिल्या. विल्यम निकोल्सन या चित्रकाराला त्यांचं चित्र काढायचं होतं. पण उजेड आहे तोवर बागेतलं काम सोडून बसून राहायला बाई तयार नव्हत्या. मग बिचाऱ्याने मधल्या वेळात त्यांचे बूट रंगवले. १९२० सालचं ते चित्र लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. झिजून झिजून आकार गेलेले ते बूट आळशी माणसाने बघू नयेत. नुसतं बघूनच पिंढऱ्या भरून येतात.

बाईंची एकच गोष्ट मला धीर देते. त्यांची नजर फार अधू होती. रंगांचे ढग मांडायची त्यांची हातोटी त्या धूसर दिसण्यातूनच आली, असं मानणारे जाणकार आहेत. मीसुद्धा ऑक्टोबरात आमच्या बॉर्डरकडे चष्मा काढून बघतो. अप्रतिम दिसते.

आता माझ्या पक्षाच्या नेत्यांकडे वळू. पीट आउडॉल्फ हे डच गृहस्थ, न्यूयॉर्कच्या हाय लाइन बागेतली झाडं ज्यांनी मांडली ते. वाळलेली गवतं आणि काळी पडलेली बोंडं हिवाळाभर तशीच उभी ठेवायची, त्यांच्यावर दंव गोठलं की ती फुलांच्या तोंडात मारतील अशी दिसतात, हे त्यांनी जगाच्या गळी उतरवलं. पाठोपाठ कीटकवाले पुढे आले. त्यांचं म्हणणं, पोकळ देठांत एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्यांची घरं असतात. लाल पाठीवर काळे ठिपके मिरवणारे ढालकिडे वाळक्या पाल्यात थंडी काढतात, आणि हेच ढालकिडे पुढे उन्हाळ्यात आपल्या गुलाबावरचा मावा खाणार असतात. मग पक्षीवाले आले. इकिनेशियाच्या बोंडांतलं बी गोल्डफिंच टिपतात, म्हणून बोंडं कापू नका. शेवटी हेजहॉगवाले आले. ५ नोव्हेंबरला गाय फॉक्सच्या नावाने लाकडं पेटवणाऱ्यांना तर दरवर्षी बजावलं जातं, की काडी लावण्याआधी ढिगाऱ्यात हेजहॉग झोपलेला नाही ना हे बघा. थेट १८०४ सालापासून बागा नीटनेटक्या कशा ठेवाव्यात हे देशाला शिकवत आलेली रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीसुद्धा आता म्हणते, की शरदात फार आवराआवर करू नका.

एवढं पाठबळ घेऊन मी घरात बोलायला गेलो. आमच्याकडे वसुबारसेच्या आत बॉर्डर साफ झाली पाहिजे असा ठराव आहे. ठराव मांडणारी, त्याला अनुमोदन देणारी आणि तो मंजूर करणारी व्यक्ती एकच.

"अगं, त्या देठांत जीव झोपलेत," मी म्हणालो.

"वर लॉफ्टमध्ये तुझ्या जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांतही झोपलेत," ही म्हणाली. "मी ते दिवाळीच्या आत जागे करणार आहे. हेही करू."

शास्त्रात पळवाटा बंद करणारी काही कलमं आहेत हे खरं. गुलाबाची काळे डाग पडलेली पानं वेचावीच लागतात, नाहीतर रोग पुढच्या वर्षी तिथूनच चढतो. पिओनीचे रोगट देठ जमिनीलगत कापावे लागतात. होस्टाचा चिखल उचलावा लागतो. ही कलमं मी घरात वाचून दाखवत नाही.

पानगळीचं मात्र आमचं एकमत आहे. इथले लोक गळलेल्या पानांचं खत करतात. कृती अशी: ओली पानं काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठासून भरावीत, पिशवीला चार भोकं पाडावीत, तोंड बांधून ती शेडमागे टाकावी आणि विसरून जावं. वर्षा-दोन वर्षांनी आत काळंभोर, भुसभुशीत, रानातल्या मातीचा वास असलेलं खत तयार. 'विसरून जावं' ही पायरी कृतीतच दिलेली असलेलं जगात दुसरं काम मला माहीत नाही. या पायरीवर माझा हात धरणारा कुणी नाही.

आणि मग कंद. शरदात खरी धांदल असते ती वसंतासाठी कंद पुरण्याची. मार्चमध्ये रस्त्याकडेला जे पिवळे डॅफोडिल डोलतात आणि एप्रिलमध्ये जे ट्युलिप ताठ मानेने उभे राहतात, ते सगळे आदल्या शरदाच्या चिखलात कुणीतरी ओणवं होऊन पुरलेले असतात. कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल खड्डा, टोक वर, बूड खाली. टोक चुकून खाली गेलं तरी बहुतेक कंद वळण घेऊन वर येतात. म्हणजे निसर्गाने माझ्यासारख्यांची सोय आधीच बघून ठेवली आहे. डॅफोडिल आणि क्रोकस सप्टेंबरात लावलेले बरे. ट्युलिपला मात्र नोव्हेंबरच चांगला, कारण माती उबदार आणि ओली असताना लावले तर ट्युलिप फायर नावाची बुरशी धरते. थंडी पडली की तिचा जोर ओसरतो. 'आजचं काम महिनाभराने करा, तब्येतीला बरं' असं छातीठोकपणे सांगणारं शास्त्र भेटायला मला पन्नाशी गाठावी लागली. त्यात नोव्हेंबरात गार्डन सेंटरवाल्यांना ख्रिसमसच्या सामानासाठी मांडण्या रिकाम्या करायच्या असतात, त्यामुळे कंद अर्ध्या किमतीत मिळतात. जो उत्साही माणूस ऑगस्टअखेरीस धावत जाऊन ट्युलिप आणतो आणि लगेच पुरतो, तो पूर्ण पैसे मोजून बुरशीला आवतण देतो. अशा माणसांचं मला वाईट वाटतं. आमच्या रस्त्यावर ते बरेच आहेत.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना सासूबाई आल्या.

सासूबाई निफाड तालुक्यातल्या. हयात कांद्यात गेलेली. सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्या, पण मन कांदाचाळीतल्या उन्हाळ कांद्यापाशी ठेवून आल्या. सकाळी उठल्या उठल्या मेहुण्याला फोन लावून लासलगावचा भाव विचारायचा, भाव पडला असेल तर त्याला झापायचं आणि चढला असेल तर 'थांब जरा' म्हणायचं, हा त्यांचा प्रातःस्मरणाचा भाग. अशा बाईंसमोर मी अर्ध्या किमतीत आणलेल्या कंदांच्या जाळीदार पिशव्या ओट्यावर ठेवल्या.

त्यांनी चष्मा लावला. एकेक ट्युलिप हातात घेऊन अंगठ्याने त्याची मान दाबली, बूड बघितलं, वास घेतला, साल नखाने जरा उचकटून पाहिली. पाच मिनिटांत ओट्यावर तीन ढीग पडले.

"ह्यो चांगला. ह्याला काजळी धरलीय. आन् ही गोल्टी." गोल्टी म्हणजे बारीक, खालच्या प्रतीचा कांदा. मग पिशवीवरचा आकडा हिच्याकडून वाचून घेतला, पौंडांचे रुपये करून घेतले आणि माझ्याकडे बघितलं. "जावईबापू, गोल्टीला हा भाव?"

मी त्यांना सांगितलं की इथेही प्रतवारी असते. कंदाचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजतात, बारा सेंटिमीटर घेराचा ट्युलिप पहिल्या नंबरचा. त्यांनी मान डोलावली. प्रतवारी त्यांना मान्य होती. अर्ध्या किमतीत कुठली प्रत येते तेवढं त्यांना ठाऊक होतं.

मग त्यांचं लक्ष दुसऱ्या पिशवीकडे गेलं. तीत एलियम होते. एलियम म्हणजे कांद्या-लसणाचंच कूळ, फक्त शोभेचं: दोन-तीन फूट उंच दांडा आणि त्याच्या टोकाला जांभळ्या फुलांचा गरगरीत चेंडू. पिशवीवरचा फोटो सासूबाईंनी लांब धरला, जवळ धरला.

"अगं बया. हा तर डेंगळा!"

डेंगळा म्हणजे कांद्याला फुटलेला फुलाचा दांडा. शेतकऱ्याच्या कांद्याला डेंगळे आले की झालंच. कांदा पोसत नाही, मध्ये लाकूड होतं, व्यापारी हात लावत नाही. थंडीचं मान बिघडलं की डेंगळे येतात आणि घरात त्या आठवड्यात कुणी मोठ्याने हसत नाही. तो डेंगळा इथे लोक मुद्दाम यावा म्हणून पैसे देऊन लावतात, हे पचवायला सासूबाईंना रात्र गेली. सकाळी त्यांनी ही बातमी मेहुण्याला फोनवर दिली. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग त्याने विचारलं, "ताईच्या घरी सगळं ठीक आहे ना?"

पण कंद पुरून फूल काढायचं, ही गोष्ट त्यांना नवी नव्हती. कांद्याचं बी धरायचं तर निवडक कांदे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुन्हा जमिनीत लावतात. त्यांना मुद्दाम डेंगळे येऊ देतात आणि मधमाश्यांच्या भरवशावर उन्हाळ्याच्या तोंडाला बी तयार होतं. त्यामुळे तज्ज्ञ म्हणून माझी कारकीर्द दुसऱ्याच दिवशी संपली. बियाण्याचा कांदा लावताना वरचा तिसरा हिस्सा कापून टाकतात, म्हणजे कोंब जोरात फुटतात. हा नियम त्यांच्या हातात इतका मुरलेला, की मी चहा गाळून वळेपर्यंत त्या विळी मांडून बसल्या होत्या आणि पहिल्या ट्युलिपचं मुंडकं उडालं होतं.

"आई, थांबा!"

त्या थांबल्या. हातातल्या कंदाकडे त्यांनी जरा निरखून बघितलं, मग सवयीने तो उभा चिरला. पांढरे, जाड, रसरशीत पदर. कांद्यासारखं पाणी डोळ्यांत आणणारं काही नाही, वास कच्च्या शेंगेचा. मधोमध पिवळसर हिरवा कोंब. कोंबाच्या आत एकमेकींत गुरफटलेल्या पानांच्या गुंडाळ्या. आणि त्यांच्या पार पोटात, वरच्या बाजूने कापलेलं, डाळीच्या दाण्याहून लहान असं काहीतरी. हिने मोबाइलचा कॅमेरा मोठा करून धरला. पाकळ्या होत्या. रंग आलेला नव्हता, पण घड्या स्पष्ट दिसत होत्या, आणि त्यांच्या आत पुंकेसरांचे ठोंबेसुद्धा.

"बाई गं," सासूबाई म्हणाल्या, "ही तर पोटुशी."

त्यांनी विळी मिटून भिंतीला लावली. ट्युलिपचं असंच असतं: पुढच्या वसंतातलं फूल आधीच्या उन्हाळ्यात, कंद गोदामात कोरडा पडलेला असतानाच आत घडून तयार होतं. आपण विकत आणतो ते दिवस भरत आलेलं. आपल्याकडून त्याला फक्त थंडी हवी असते, बारा ते सोळा आठवडे सलग. थंडी मिळाली नाही तर दांडा वाढतच नाही, फूल जमिनीलगतच घुसमटतं. "थंडी? मग आमच्याकडं येईल की," सासूबाई लगेच म्हणाल्या. निफाडच्या माणसासमोर थंडीचा विषय काढायचा नसतो. महाराष्ट्रातलं नीचांकी तापमान पेपरात छापून येतं ते बहुतेक वेळा त्यांच्याच तालुक्यातलं; २०१८च्या डिसेंबरात तर पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता. लंडनच्या थंडीला त्या 'बरी आहे' म्हणतात. पण निफाडला पहाटे दातावर दात वाजले तरी दुपारी अंगातला स्वेटर काढावा लागतो, आणि ट्युलिपला स्वेटर काढता येत नाही. फ्रिजमध्ये ठेवून थंडी देता येते, पण शेजारी सफरचंद असलं तर त्याच्या वाफेतल्या इथिलीनने आतलं फूल जळतं. "सफरचंद महाग आहे," त्या म्हणाल्या, "ते नसतंच."

नंतर हिने त्यांना हॉलंडच्या ट्युलिपवेडाची गोष्ट सांगितली. १६३०च्या दशकात तिथे ट्युलिपच्या एकेका कंदाला घराएवढी किंमत येऊ लागली होती. हिवाळ्यात कंद जमिनीतच असत, त्यामुळे कुणी न बघितलेल्या मालाचे कागद या हातातून त्या हातात फिरत. सगळ्यांत भाव होता तो पांढऱ्यावर लाल ज्वाळा उठलेल्या फुलांना, आणि त्या ज्वाळा म्हणजे मुळात एक विषाणूजन्य रोग होता. १९२८ साली डोरोथी केली या इंग्रज बाईंनी तो संसर्गाने पसरतो हे दाखवून दिलं. पसरवणारा आपला नेहमीचा मावा. आणि १६३७च्या फेब्रुवारीत हारलेमच्या लिलावात एके दिवशी बोली लावायला कुणीच पुढे आलं नाही. भाव कोसळला.

अर्थशास्त्राच्या पुस्तकांत ही गोष्ट भयकथा म्हणून सांगतात. सासूबाईंनी ती ऐकताना शेंगा सोलणं थांबवलं नाही.

"फेब्रुवारीत?" त्या म्हणाल्या. "लाल कांद्याची आवक वाढली आसंल."

दुसरी गोष्ट मात्र त्यांनी हात थांबवून ऐकली. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मन ताब्यातल्या हॉलंडमध्ये अन्न संपलं, तेव्हा त्या वर्षी न लावलेले ट्युलिपचे कंद लोकांनी उकडून, वाटून, सूप करून खाल्ले. मधला पिवळा कोंब काढून टाकायचा, तो बाधतो, अशा सूचना तेव्हा दिलेल्या होत्या. सासूबाईंनी कापलेला ट्युलिप फेकला नव्हता, त्याच्याकडे बघून त्या एवढंच म्हणाल्या, "चव नसंल त्याला, पण भागलं आसंल." मग मी सहज म्हणालो की ट्युलिपचं ठीक, पण डॅफोडिलचा कंद अगदी कांद्यासारखा दिसतो आणि चांगलाच विषारी असतो, २०१५ साली इथल्या सार्वजनिक आरोग्य खात्याने सुपरमार्केटांना कळवलं होतं, की डॅफोडिल भाजीच्या शेजारी मांडू नका, लोक चुकून खातात. हे बोलायला नको होतं. त्या संध्याकाळी घरातले खायचे कांदे स्वयंपाकघरातून उठले आणि सासूबाईंच्या पलंगाखाली गेले. त्यानंतर पोह्यांना कांदा हवा असला की त्यांच्या खोलीचं दार वाजवावं लागे. तो त्या स्वतः निवडून, वास घेऊन देत.

कंद होते, तज्ज्ञ होत्या, नोव्हेंबर होता. आता लावणं टाळायला शास्त्राकडे काही उरलं नव्हतं. शनिवारी सकाळी ही मला खुरपं हातात देऊन बॉर्डरकडे ढकलत असतानाच सासूबाई शाल गुंडाळून बाहेर आल्या. वाकून त्यांनी मातीचं एक ढेकूळ उचललं, मुठीत दाबलं, कमरेच्या उंचीवरून खाली सोडलं. ढेकूळ फुटलं नाही. थप्प करून बसलं, वर त्यांच्या बोटांचे ठसे तसेच.

"आज वाफसा नाही," त्या म्हणाल्या. "आत व्हा."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. पाऊस पडून गेल्यावर माती ना चिकट ना कोरडी अशी कामाला योग्य होते, तो वाफसा. तो नसताना मातीत पाय घातला तर ती दबून दगड होते. आणि आमच्या भागातली माती म्हणजे लंडन क्ले. उन्हाळ्यात तिच्या भेगांत हात जातो, हिवाळ्यात तिच्यात बूट राहतो. ऑक्टोबरनंतर तिला वाफसा येणं ही दुर्मीळ खगोलीय घटना आहे. आउडॉल्फ झाले, कीटकवाले झाले, बुरशीवाले झाले. पण बायकोने ज्यांचा शब्द मानावा असा माझ्या बाजूचा पहिला तज्ज्ञ निफाडहून आला होता. त्यानंतर दर शनिवारी सासूबाई ढेकूळ सोडायच्या, ते थप्प करायचं, आणि मी खुरपं धुऊन ठेवायचो. ते मुळात मळलेलं नसायचं, पण शिस्त म्हणून.

आमच्या डाव्या हाताच्या शेजाऱ्यांना या विधीचं भारी कुतूहल. ते सत्तरीपुढचे, पहिल्या वर्गातले, स्वतः प्रदर्शनासाठी कांदे पिकवणारे. इकडे राक्षसी कांद्यांच्या स्पर्धा होतात. हॅरोगेटच्या शरद प्रदर्शनात २०२३ साली ८.९७ किलोचा एकच कांदा आला होता. शेजाऱ्यांनी त्याचा फोटो कुंपणावरून दाखवला. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी येत नाही, पण कांद्यावर दोघं अर्धा तास बोलले. मी दुभाषा म्हणून उभा होतो, मला फक्त दोन वाक्यं मिळाली. सासूबाईंचं वाक्य: "चवीला कसाय विचारा." त्यांचं उत्तर: खाण्यासाठी तो नसतोच. सासूबाईंनी मान हलवली. डेंगळे फुलदाणीत ठेवणाऱ्या देशाबद्दल त्यांची आता काही तक्रार उरली नव्हती.

शेवटी दोन दिवस कोरडं वारं सुटलं आणि एका रविवारी, भारताची मॅच अगदी रंगात आलेली असताना, बाहेरून हाक आली. ढेकूळ फुटलं होतं.

पुस्तकांत म्हणतात, कंदांची मूठ अलगद उधळावी आणि जिथे पडतील तिथे पुरावेत, म्हणजे रानात उगवल्यासारखं नैसर्गिक दिसतं. मला ही पद्धत मनापासून पटते, तीत माप लागत नाही. मी मूठभर एलियम उधळले. सासूबाईंनी ते गोळा केले, पुसले, शेडमधून सुतळी आणि दोन काटक्या काढल्या आणि बॉर्डरच्या मधोमध ओळंबा लावल्यासारखी सरळ रेघ ताणली. पंधरा सेंटिमीटर खोल, वितीच्या अंतराने. "उधळायला काय अक्षता आहेत?" त्यानंतर मी खड्डे केले, त्यांनी कंद ठेवले, आणि हिने, वसुबारस कधीच उलटून गेली असल्याने, मधल्या वेळात देठ कापून टाकले. घड्याळं मागे गेल्यापासून चारलाच अंधारायला लागतं. आम्ही बॅटरी लावून शेवटची ओळ बुजवली.

कुंपणावर बसून एक खार हे सगळं बघत होती. ही करडी खार मूळची अमेरिकेची. १८७६ साली चेशायरमधल्या एका जमीनदाराने हौसेने आणून सोडली आणि तिने देशी तांबड्या खारीला जवळजवळ देशोधडीला लावलं. डॅफोडिलला ती तोंड लावत नाही, तिला खात्याचं पत्र न वाचताही विष कळतं. ट्युलिप आणि क्रोकस मात्र तिच्या जिवाचा विसावा. ऊस तोडताना फडातून बिबट्या निघालेला बघितलेल्या बाईंना खारीचं काय! "हाड्!" एवढ्यानेच ती तीन कुंपणं ओलांडून गेली. पण बिबट्या दिवसा शेत उकरत नाही, आणि सासूबाई रात्रंदिवस बाहेर बसू शकत नव्हत्या. कुणीतरी सुचवलं, वर तिखट भुरभुरवा. सासूबाईंनी घरून आणलेल्या काळ्या मसाल्याच्या डब्यावर झाकण घट्ट केलं आणि पलंगाखाली कांद्यांशेजारी ठेवला. शेवटी कोंबड्यांच्या खुराड्याची तारेची जाळी अंथरून वर माती टाकली. जाळीच्या आतले ट्युलिप वाचले. जाळीबाहेर लावलेले क्रोकस खारीने उकरले, काही खाल्ले आणि उरलेले तिला योग्य वाटलं तिथे पुरले. मार्चमध्ये ते शेजाऱ्यांच्या हिरवळीच्या मधोमध उगवले. तिथे इतके शोभून दिसले की शेजाऱ्यांनी मला कुणाकडून डिझाइन करून घेतलं ते विचारलं.

ट्युलिप एप्रिलमध्ये फुलले तेव्हा सासूबाई निफाडला परतल्या होत्या. एलियम त्यानंतर, मेच्या मध्यावर. व्हिडिओ कॉलवर मी मोबाइल बॉर्डरवरून फिरवला: मोडक्या-तोडक्या, वाट्टेल तशा वाढलेल्या झाडांमधून जांभळ्या डेंगळ्यांची एक सरळसोट रांग, सैन्याच्या संचलनाइतकी. त्यांनी चष्मा लावून एकेक डेंगळा मोजला. मागे त्यांच्या चाळीत उन्हाळ कांदा भरायचं काम चाललेलं दिसत होतं.

"सगळे आले," त्या म्हणाल्या. "आता बी धरा. वाळलं की उतरवा, झटका, कागदात बांधून ठेवा. पुन्यांदा विकत नका आणू, गोल्टी देतात."

"आई, याचं बी पेरलं तर फूल यायला तीन-चार वर्षं लागतात."

"तेवढ्यात काय करावं लागतं?"

"काही नाही. नुसतं राहू द्यायचं."

"मग तुम्हाला जमंल," सासूबाई म्हणाल्या, आणि मेहुण्याला झापायला वळल्या.